आईचे सरळ झालेले पाय

वर्गात बाएसा बाईंनी कटीची दोन हाडं टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "एक बाईचं आहे, एक बाप्याचं. बघून नाही ओळखायचं. डोळे मिटा आणि खाचेत अंगठा घाला." कटीच्या हाडाला मागच्या बाजूने, आपण बसताना जिथे टेकतो त्याच्या जरा वर, एक खाच असते. पायाची मोठी नस तिच्यातून मांडीत उतरते. बाईची खाच रुंद असते, अंगठा आत मोकळा हलतो. पुरुषाची अरुंद असते, अंगठा अडकतो. माझी पाळी आली तेव्हा मी डोळे मिटले, हाताला आलं ते हाड उचललं आणि अंगठा खाचेत घट्ट बसला. त्या क्षणी मला आई आठवली. आईचा चेहरा नाही, आवाज नाही, आईची खाच. माझ्या अंगठ्याला ती पाठ होती. दर वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी मी फडक्याचं टोक अंगठ्याला गुंडाळून त्या खाचेतली धूळ काढत आले होते आणि दर वर्षी फडक्यासकट अंगठा आत जायचा नाही, फडकं सोडून नुसत्या नखाने खरवडावं लागायचं. "काय गं निदिया, झोपलीस का?" बाईंनी विचारलं. "बाप्याचं," मी म्हणाले. "शाबास. बरं पटकन कळतं तुला." मागून रेनान कुजबुजला, "तिला नाही कळणार तर कुणाला? यांच्याकडे घरची माणसं पेटीत ठेवतात आणि सणाला काढून पुसतात!" सगळे हसले. मीही हसले. या थट्टेची मला सवय आहे, मेरिदा शहरात शिकायला आल्यापासून ती माझ्या नावाला चिकटली आहे. पण हसताना अंगठा अजून त्या हाडातच होता आणि तो बाहेर काढायची मला भीती वाटत होती.

त्या दिवशी मी खोलीवर चालत गेले. रस्त्यात माणसं होती, पण मला नुसते खुबे दिसत होते. पुढे चालणाऱ्या बाईची कंबर उजवीकडे झुकायची, मग डावीकडे, आणि मी मनात म्हणायचे, हिच्या मांडीच्या हाडाचा चेंडू उखळीत नीट आहे, याचा जरा झिजलाय, या म्हाताऱ्याचा गुडघाच बोलतोय. हा नाद आमच्या वर्गात सगळ्यांना लागतो. पण मला तो लहानपणापासून होता, कारण आमच्या घरी पाय हाच मुख्य विषय होता. माझी आई लंगडी होती. जन्मतःच डावा खुबा निखळलेला, गावात कुणाला कळलं नाही, आणि कळलं तेव्हा ती चालायला लागली होती, बदकासारखी. एक पाऊल जड पडायचं, दुसरं नुसतं घासत यायचं. पाव भाजणाऱ्यांच्या भट्टीत ती पीठ मळायला जायची, पहाटेच्या अंधारात परतायची, आणि झोपायच्या झोळीत पडल्यापडल्या मला तिची चाल ऐकू यायची. जड, घासत. जड, घासत. माझ्या पापांची तीन चाकी सायकल होती, पुढे दोघांना बसायची जागा आणि मागे पापा पॅडल मारणार. गावात लोक म्हणायचे, एलेउतेरिओ एउआनने बायकोसाठी गाडी घेतली आणि पोटासाठी भाडी मारली. खोटं नव्हतं. बाजार असो, मिस्सा असो, कुणाचं लग्न असो, आई पुढे बसलेली असायची, मांडीवर पावाची टोपली, आणि पापा मागून शिट्टी वाजवत. लग्नात हारानाचा नाच सुरू झाला की बायका पांढऱ्या भरतकामाचे झगे सावरत उभ्या राहायच्या आणि आई टाळ्या वाजवायची. पापा कधी नाचले नाहीत. त्यांना येत होतं, फिदेलिया आत्या सांगायची, लग्नाआधी गावात त्यांच्यासारखा नाचणारा नव्हता.

पापांनी कांपेचेच्या काळ्या ख्रिस्ताला नवस बोलला होता. माझ्या सोइलाचा पाय सरळ कर, मी दर वर्षी पायी येईन. पाय काही सरळ झाला नाही, पण ते पायी जातच राहिले. मी नऊ वर्षांची असताना आई गेली, पोटातल्या दुखण्याने, पायाचा काही संबंध नव्हता. आणि तीन वर्षांनी, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, तिला खड्ड्यातून वर काढलं. रीत अशी की माती मांस खाते तेवढे दिवस माणूस मातीचं, मग हाडं घरच्यांची. ती काढायची, उन्हात वाळवायची, लाकडी पेटीत भरतकामाच्या रुमालावर ठेवायची, पेटी दफनभूमीच्या भिंतीतल्या खणात ठेवायची, आणि मग दर वर्षी मृतांच्या सणाआधी जाऊन एकेक पुसायचं, रुमाल बदलायचा, चार गोष्टी बोलायच्या. पेटीचं झाकण कधी पुरतं लावायचं नाही, आतल्याला बाहेरचं दिसलं पाहिजे. ज्याचं कुणी पुसत नाही तो रागावतो आणि गल्ल्यांतून फिरत राहतो, असं आम्हाला पाळण्यात असल्यापासून सांगतात. आईला वर काढलं त्या दिवशी पापा दफनभूमीच्या फाटकापाशीच थांबले. "मला नाही बघवणार," म्हणाले. खड्डे खणणारे डोन मेल्चोर एकटेच आत होते. मध्येच वाऱ्यापावसाची झोड आली, त्यांनी वाळत घातलेलं सगळं घाईघाईने गोळा केलं, आणि पाऊस गेल्यावर चादरीत बांधून पापांच्या हातात दिलं. पापांनी गाठ सोडली. मग त्यांनी मांडीची दोन्ही हाडं काढली, शेजारी शेजारी धरली, डावीचा चेंडू बोटांनी चाचपला, उखळीत ठेवून फिरवून पाहिला, आणि तिथेच फाटकात गुडघे टेकून मोठ्याने रडायला लागले. "सरळ केला! आत्याला बोलव पोरी, देवाने सरळ केला!"

ते वर्षभर आमच्या खणापाशी माणसं येत होती. पापा सगळ्यांना दाखवायचे. बघा, दोन्ही सारखे. बघा, चिकूसारखा गोल आहे, कसा फिरतो. पाद्री हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, पावाचा तुकडा चघळत म्हणाले, देवाला सगळं शक्य आहे. आत्या तेवढी फटकळ. "देवाला जिवंतपणी सवड नव्हती होय? चार पावलं नाचली तरी असती बिचारी." पापा म्हणाले, "आता नाचते की. वर काय कमी नाचायला?" त्या दिवसापासून पापा बदलले. आई गेल्यावर ते दारू प्यायला लागले होते, ती सुटली. भाड्याला माणसं बसली की पुन्हा शिट्टी सुरू झाली. मला शिकायला मेरिदाला पाठवायचं त्यांनीच ठरवलं. "पायांचंच शीक," म्हणाले, "लोकांचे पाय सरळ कर. तुझ्या आईचा देवाने केला, बाकीच्यांचे तू कर." मी तेच शिकत होते. आणि शिकता शिकता कुठेतरी आत मला ठाऊक होतं की मेल्यावर हाड बदलत नाही. हाड बदलतं ते जिवंतपणी, झिजून, भरून, वजन घेऊन. पण काही गोष्टी ठाऊक असल्या तरी आपण त्यांच्याकडे पाठ करून बसतो, जशी झोळीत आपण भिंतीकडे तोंड करून झोपतो. खाचेने मला वळवलं.

खोलीवर मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. सगळ्या बायकांची खाच रुंद नसते, बाई स्वतःच म्हणाल्या होत्या, शंभरात काही फसतात. पण निखळलेला खुबा फसवत नाही. तिथे उखळी उथळ राहते, चेंडू चपटा, आणि माणूस तसाच चालत राहिला तर चेंडू वर सरकून कटीच्या हाडावर घासतो, इतका की तिथे दुसरी उखळी तयार होते. देह आपली सोय स्वतः करतो. पुस्तकात चित्र होतं, त्याच्याकडे मी किती वेळ बघत बसले सांगता येत नाही. पेटीत जे होतं त्याला असलं काही नव्हतं. म्हणजे पेटीत आई नव्हती. हे वाक्य मनात आलं तेव्हा मला पहिल्यांदा पापांचं वाईट वाटलं आणि मग, खूप उशिरा, आईचं. कारण पेटीत ती नाही तर ती कुठे आहे? मी शिकलेली मुलगी आहे, आत्मे गल्लीत फिरतात यावर माझा विश्वास नाही. तरी त्या रात्रीपासून मला जाग आली की खिडकीखाली चाल ऐकू यायची. जड, घासत.

सणाला गावी गेले ते ठरवून की पापांना सांगायचं. सांगायलाच हवं होतं. आईला कुणी पुसत नव्हतं, आणि पापा परक्याच्या कपाळावर ओठ टेकत होते. घरी आत्या अंगणात पिबचा खड्डा खणून घेत होती, आत निखारे, वर केळीच्या पानात बांधलेला मक्याचा मोठा गोळा भाजायला जायचा होता. मला बघून म्हणाली, "वाळलीस गं. शहरात हाडंच शिकवतात की खायलाही घालतात?" पापा न्हाऊन धुतलेला सदरा घालून बसले होते, नवऱ्यामुलासारखे. त्यांच्या हातात नवा रुमाल होता, आत्याने भरलेला, लाल फुलं आणि मध्ये सोइला. वय झालं होतं त्यांचं. सायकलीने त्यांचे गुडघे खाल्ले होते, उठताना कट असा आवाज आला आणि मी दचकले. "काय झालं?" "काही नाही, तुमचा गुडघा." "बोलतो तो हल्ली. म्हणतो, पुरे आता. मी म्हणतो, थांब, सोइलाकडे जायचं आहे ना, तिथे नवा मिळेल. तिला नाही मिळाला?" आत्या खड्ड्यापासून म्हणाली, "तुला तिथे तरी नाचू देते का बघ." पापा हसले. सांगायचं ते मी गिळलं, वाटलं, तिथे गेल्यावर सांगू.

पाय आधी, डोकं शेवटी, असा पुसायचा क्रम असतो. दफनभूमीत पोचल्यावर पापांनी खणातून पेटी खाली उतरवली, ब्रश काढला, घोट्याची, टाचेची, बोटांची लहान हाडं फडक्यावर मांडली आणि बोलायला लागले. "सोइला, भट्टीवाल्याने पोराचं लग्न केलं. पावाला पूर्वीची चव नाही. निदिया आलीये बघ." मी समोर बसले होते. त्यांनी नडग्या पुसल्या, गुडघ्याच्या वाट्या पुसल्या, मग मांडीची हाडं शेजारी शेजारी धरून नेहमीसारखे थांबले. मी कटीचं हाड उचललं आणि अंगठा खाचेत घातला. आता मला डोळे मिटायची गरज नव्हती. कडा जाड, स्नायूंच्या ओळी उठलेल्या, ओझी वाहणाऱ्या पुरुषाचं धडधाकट हाड. मी म्हणाले, "पापा." "हं?" "पापा, आईला काढलं त्या दिवशी..." ते वर बघायला लागले. त्यांच्या डोळ्यांत काही भीती नव्हती, कसली शंका नव्हती, मी काहीतरी छान बोलणार आहे असंच त्यांना वाटत होतं. मी म्हणाले, "त्या दिवशी आणखी कुणाला काढलं होतं का?"

"होतं ना. तो रेल्वेवाला." पापांनी हाडावर फुंकर मारली. "रूळ टाकायला कुठून तरी आला होता, ताबास्कोहून म्हणे. आला, दोन दिवसांत तापाने पडला आणि गेला. तुझ्या आईच्याच आठवड्यात. नाव सांगायलाही शुद्ध नव्हती त्याला. गावाने वर्गणी काढून पुरला. मग मेल्चोर म्हणाला, एकाचा खड्डा उघडतोच आहे तर दोन्ही उघडतो. तो काय, तुझ्या मागे, खालच्या खणात." मी वळले. जमिनीलगतच्या खणात एक पेटी होती, रंग नसलेली, झाकण पुरतं बसवलेलं आणि वर मेणाचे ओघळ, इतरांनी आपापल्या मेणबत्त्या त्यावर लावलेल्या. इतकी वर्षं मी तिला पाठ लावून बसत आले होते. कधी कधी दमले की टेकतही होते. "याचं कुणी करत नाही?" "करणार कोण? त्याच्या माणसांना तो कुठे मेला तेही ठाऊक नसेल. बायको असली तर अजून वाट बघत असेल बिचारी." मी म्हणाले, "मी करू?" पापांना बरं वाटलं. "कर की. पुण्याचं काम. तोवर मी पाणी आणि फुलं घेऊन येतो."

ते गेले. गुडघ्याचा आवाज बोळातून लांब गेला. झाकण उचलताना खिळा तुटला आणि आतून बंद पडलेल्या घराचा वास आला. रुमाल नव्हता. सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर सगळं कसंही टाकलेलं, वर मुंग्यांची माती, कोळ्याची जाळी. मी हात घातला आणि पहिल्यांदा कटीचं हाडच लागलं. अंगठा खाचेत गेला आणि इकडून तिकडे मोकळा फिरला. मी ते उलटं केलं. खरी उखळी होती, उथळ, बशीसारखी, कधी न वापरलेली. आणि तिच्या वर, जिथे काहीच असायला नको, तिथे दुसरी. घासून घासून गुळगुळीत झालेली. ती जन्माला आली तेव्हा तिला ही नव्हती. घरातून भट्टीपर्यंत आणि भट्टीतून घरापर्यंत, पीठ मळताना, मला कडेवर घेताना, पहाटे दाराची कडी न वाजवता आत येताना, तिने एकेका पावलाने ती स्वतः कोरली होती. मी तिथे बोट ठेवलं. आई, मी म्हणाले. इतकी वर्षं त्या पेटीशी इतकं बोलले, शाळेतलं सांगितलं, पहिल्यांदा पाळी आली ते सांगितलं, पापांची तक्रार केली, आणि आता खऱ्या आईपुढे मला दुसरा शब्द सुचेना. तिच्या डोळ्यांत माती होती. मी ओढणीने ती काढली. क्रम चुकला, पाय राहून गेले, पण मला आधी तिचा चेहरा पुसायचा होता. वास्तविक चेहऱ्यावरून मी तिला ओळखलं नसतं.

पेट्या बदलता आल्या असत्या. पापा यायच्या आत, एका मिनिटाचं काम. हाडं इकडची तिकडे, आणि आई आपल्या नावाच्या रुमालावर. पण मग पापा मांडीची हाडं काढतील, शेजारी शेजारी धरतील, चपटा चेंडू चाचपतील. देव दिलेलं परत घेतो हे त्यांना कसं सांगायचं? आणि खरं सांगितलं तर काय उरतं? नवस नाही, नाच नाही, पायी केलेल्या वाऱ्या नाहीत, आणि इतकी वर्षं बायकोला मुंग्यांत टाकून आपण दुसऱ्याच कुणाला फुलं वाहिली एवढं ठेवून उरलेलं आयुष्य काढायचं. एका बाजूला आई होती आणि एका बाजूला पापा, आणि कुणा एकालाच पुरेल एवढंच माझ्याकडे होतं. मला आईचा राग आला, मग मेल्चोरचा, मग त्या पावसाचा. त्या परक्या माणसाचा मात्र आला नाही. तोही कुणाचा तरी होता.

पापा फुलं घेऊन आले तेव्हा मी पायाच्या बोटांची हाडं पुसत होते. ते माझ्याशेजारी हाशहुश करत बसले. "अरे देवा, काय दशा," म्हणाले, आणि माझ्या हातात एकच ब्रश होता म्हणून त्यांनी आपला सदरा वर करून त्याच्या आतल्या बाजूने पुसायला घेतलं. त्यांनी डाव्या मांडीचं हाड उचललं. माझे हात थांबले. त्यांनी ते पुसलं, वरच्या टोकाशी आले, बोटांनी चाचपलं. पुन्हा चाचपलं. चपटा, बसका चेंडू, एका बाजूने झिजलेला. त्यांनी तो उजेडाकडे धरला आणि इकडून तिकडे फिरवून पाहिला. ओळखू देत, असं मला वाटलं. नको ओळखू देत, असंही वाटलं.

"हाही लंगडा होता गं," ते हळूच म्हणाले. "आमच्या सोइलासारखाच. अगदी हाच पाय." त्यांनी त्या चेंडूवरून अंगठा फिरवला, जसा ते आई दमून आली की तिच्या खुब्यावरून फिरवायचे. "आणि याचा तसाच राहिला बघ. याच्यासाठी कुणी नवसच बोललं नसेल."

मी त्यांच्या हाताखाली फडकं धरलं आणि म्हणाले, "पापा, सावकाश पुसा. नीट पुसा."

"नीटच पुसतोय. का रडतेस? परका असला म्हणून काय झालं, आता आपण आहोत ना." त्यांनी हाड स्वच्छ केलं, फुंकर घातली, फडक्यावर ठेवलं.

"दर वर्षी मी याचं करीन, पापा."

"कर. माझ्यामागेही कर. पण आधी आईचं, मग याचं," पापा म्हणाले. "तिला वाट बघायला लावू नकोस."

नाही लावणार, मी म्हणाले, आणि तिचं दुसरं पाऊल हातात घेतलं.